मेंदूला मार लागलेल्या पेशंटचा अपघात क्लेम: रक्कम नेमकी कशी ठरते

घरातल्या कुणाचा रस्त्यावर अपघात झाला आणि डोक्याला जबर मार लागला की पहिले काही आठवडे आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावरच जातात, आणि त्याच बाकड्यावर कुणीतरी नातेवाईक हळूच विचारतो, क्लेमचं काय करताय? मग जो तो वकील होतो. एक म्हणतो पन्नास लाख कुठे गेले नाहीत, दुसरा म्हणतो कोर्टात चपला झिजतील हातात काही पडणार नाही. दोघांचंही ऐकू नका. रक्कम काढायचं एक ठरलेलं गणित आहे, ते फार अवघडही नाही, आणि त्या गणितात कुठला आकडा कुठून येतो हे आधी कळलं तर तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर कागद जपून ठेवता.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. पेशंटने किती सोसलं यावर रक्कम फारशी ठरत नाही. तो आता कुठलं काम करू शकत नाही आणि त्याला सांभाळायला दर महिन्याला किती लागतात, या दोन गोष्टींवर ती ठरते, आणि नेमक्या याच दोन गोष्टींचे पुरावे बहुतेक घरांकडे कच्चे असतात.

पायरी १: दावा कुठे आणि कधी टाकायचा

वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, सगळे एमएसीटी म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा टाकायचा आणि समोरच्या ड्रायव्हरचा निष्काळजीपणा दाखवायचा. फौजदारी केससारखं शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, जास्त शक्यता कुठली दिसते तेवढं पुरतं, त्यामुळे ड्रायव्हरला शिक्षा होईपर्यंत थांबायची काही गरज नाही. कलम १६४ पण आहे, त्यात कुणाची चूक ते न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, पण मेंदूच्या केसमध्ये अडीच लाख म्हणजे आयसीयूचे काही दिवस, त्यामुळे १६६ च बघा. गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनच्या योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० आहेत, बस तेवढेच.

दावा जिथे अपघात झाला तिथेच टाकावा लागतो असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालतो. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा अपघात चाकणला झाला आणि आता तो लातूरला आईवडलांकडे पडून आहे, तर दावा लातूरला टाकता येतो, दर तारखेला पुणे गाठायला नको.

मुदत महत्त्वाची. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातलीय. त्या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे, पण तुम्ही त्या वादाच्या भरवशावर राहू नका, सहा महिन्यांच्या आत दावा टाकून मोकळे व्हा, पेशंट अजून हॉस्पिटलात असला तरी. अपंगत्वाचे कागद नंतर देता येतात.

पेशंट शुद्धीवर नसेल किंवा त्याला व्यवहार कळत नसेल तर बायको, आई, वडील असं कुणीतरी त्याच्या वतीने दावा टाकतं. बेशुद्ध नवऱ्याचा अंगठा वकालतनाम्यावर उठवणे वगैरे प्रकार कुणी सुचवले तर स्पष्ट नाही म्हणा, नंतर समोरच्या गाडीच्या इन्शुरन्स कंपनीचा वकील त्यावरच पहिला हात घालतो.

कामावर असताना अपघात झाला असेल तर कामगार भरपाईच्या कायद्याखालीही मागता येतं, पण दोन्हीकडून एकदम घेता येत नाही, एक निवडावं लागतं.

पायरी २: पहिल्या महिन्यातले कागद

एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, समोरच्या गाडीचा नंबर आणि पॉलिसी, नंतर चार्जशीट. नवीन नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, तपास अधिकाऱ्याला विचारून त्याची कॉपी मागा, लाजू नका. गाडीचा इन्शुरन्स चालू आहे का ते एमपरिवहन अ‍ॅपवर बघता येतं. आणि अपघाताला अजून आठवडा झाला नसेल तर हॉस्पिटलला कॅशलेस योजनेचं विचारा, २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत उपचार त्यात बसतात.

मेडिकलमध्ये सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कॅज्युअल्टीचा पहिला कागद. त्यावर जीसीएस लिहिलेला असतो, म्हणजे पेशंट डोळे किती उघडतो, बोलतो का, हातपाय हलवतो का याचे मार्क, ३ ते १५ मध्ये. १३ किंवा त्याच्या वर असेल तर इजा सौम्य धरतात, ९ ते १२ मध्यम, ८ आणि खाली गंभीर. लोक भली मोठी डिस्चार्ज फाईल जपतात आणि हा एक पानी कागद हरवतात, आणि मग दोन वर्षांनी इन्शुरन्स कंपनी म्हणते पेशंटला पहिल्यापासून एवढं काही झालंच नव्हतं. त्यासोबत एमएलसी नंबर (पोलीस केस म्हणून हॉस्पिटलने केलेल्या नोंदीचा), सगळे सीटी स्कॅनचे रिपोर्ट (फिल्मा पण), ऑपरेशन नोट्स. औषधांची बिलं पेशंटच्या नावाची, ओरिजिनल. मेडिकलवाला घाईत नाव न टाकता बिल देतो ते तिथेच परत करून नाव टाकून घ्यायचं. अ‍ॅम्ब्युलन्स, फिजिओथेरपिस्ट, डायपर, एअर बेड, सक्शन मशीनचं भाडं, सगळं एका फाईलला तारखेप्रमाणे.

मेडिक्लेममधून बिल भागलं असेल तरी बिलांची कॉपी ठेवा. मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत, कारण त्याचा हप्ता पेशंटने स्वतः भरलेला असतो.

पायरी ३: कमाईचा आकडा

गणिताचा पाया हा. पगारदार असेल तर सोपं, पगार स्लिप, बँकेचे एंट्रीज, आणि कंपनीतला कुणीतरी एचआरवाला साक्षीला आला पाहिजे, नुसतं लेटरहेडवरचं पत्र कोर्टात फार टिकत नाही. आयटीआर अपघाताच्या आधी भरलेला असेल तर उत्तम, अपघातानंतर घाईघाईने मागच्या वर्षांचे फुगवून भरलेले आयटीआर दिले तर जजना वास येतोच.

धंदेवाल्यांचं अवघड असतं. रिक्षावाला, गवंडी, इलेक्ट्रिशियन, वडापावची गाडी, यांच्याकडे स्लिप कुठून येणार. मग शॉप अ‍ॅक्टचं लायसन, बँक पासबुक, यूपीआयचं स्टेटमेंट, शेतकऱ्याचा सातबारा आणि दूध डेअरीची बिलं, ज्यांच्याकडे काम केलं त्यातल्या एकदोघांची साक्ष. काहीच नसेल तर कोर्ट त्या वर्षीचं सरकारी किमान वेतन धरतं, ते परिमंडळाप्रमाणे आणि कामाच्या कौशल्याप्रमाणे बदलतं, त्यामुळे आपला माणूस अकुशल नाही कुशल कामगार होता एवढं दाखवलं तरी आकडा वर सरकतो. गृहिणीची कमाई शून्य धरत नाहीत, घरकामाचं मोल कोर्ट मानतं, लहान मुलांचं आणि कॉलेजच्या पोरांचंही अंदाजाने धरतात.

या कमाईवर भविष्यातली वाढ चढते. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे कायम नोकरी असेल तर चाळिशीच्या आत ५० टक्के, ४० ते ५० मध्ये ३०, ५० ते ६० मध्ये १५. स्वतःचा धंदा किंवा ठराविक पगार असेल तर ४०, २५ आणि १०. हा निकाल मृत्यूच्या केसमधला होता म्हणून इन्शुरन्स कंपन्या बराच काळ म्हणत राहिल्या की जखमीला ही वाढ देऊ नका, पण नंतरच्या निकालांमध्ये सुप्रीम कोर्टाने कायमच्या अपंगत्वातही ती दिलीय, तेव्हा दाव्यात स्पष्ट मागा. आणि मृत्यूच्या केसमध्ये माणसाचा स्वतःचा खर्च म्हणून तिसरा हिस्सा वगैरे कापतात तो जखमीच्या केसमध्ये कापायचा नसतो, माणूस जिवंत आहे, खातोपितो आहे. कंपनीच्या तडजोडीच्या हिशोबात ही कपात गुपचूप घातलेली असते ती बघा.

पायरी ४: टक्के, इथेच खरी लढाई

सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला येतो, त्यावर समजा ४५ टक्के लिहिलंय. लोकांना वाटतं झालं, ४५ टक्के कमाई बुडाली. तसं नाही. २०१० च्या राजकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने नीट सांगितलंय की शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचे टक्के वेगळे. त्यातलंच उदाहरण, डावा हात गेला, तर ड्रायव्हर किंवा सुताराचं सगळंच काम गेलं, क्लार्क मात्र नोकरी चालू ठेवू शकतो. म्हणजे कोर्टाने बघायचं की हा माणूस आधी काय करत होता, आता त्यातलं काय जमतं, आणि ते नाही तर दुसरं काय जमेल.

मेंदूच्या इजेत हा फरक फार मोठा पडतो. दाखल्यावर बहुतेक वेळा डाव्या हातापायातल्या अशक्तपणाचे टक्के येतात कारण ते मोजता येतात, आणि खरी हानी कागदावर येतच नाही. माणूस दिसायला ठणठणीत, चालतो, हसतो, ओळखतो, पण सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही, गॅस चालू ठेवून निघून जातो, दहा मिनिटं एका जागी लक्ष लागत नाही, पूर्वीचा शांत माणूस आता ताट भिरकावतो, वर महिन्यातून एकदा फिट. हा माणूस सीएनसी मशीनवर उभा राहील? फिट येणाऱ्याच्या हातात कुणी ट्रक देईल? त्याचे कमाईचे टक्के शंभरच.

म्हणून फक्त सिव्हिलच्या दाखल्यावर थांबू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्मरणशक्ती, लक्ष, बुद्ध्यांक यांची रीतसर टेस्ट करून घ्या, न्यूरोसर्जन किंवा न्यूरोलॉजिस्टचा रिपोर्ट, वागणूक बदलली असेल तर सायकियाट्रिस्ट, बोलणं गेलं असेल तर स्पीच थेरपिस्ट. हे सगळं सुधारणा जवळपास थांबल्यावर करायचं, अगदी पहिल्या दोनतीन महिन्यांत केलेल्या टेस्टवर समोरचा वकील म्हणणारच की नंतर बरा झाला असेल. आणि डॉक्टर साक्षीला यायला हवा, हे जमवणं सगळ्यात कटकटीचं, डॉक्टर लोकांना कोर्ट नको असतं, पण साक्षीशिवाय दाखल्याची किंमत निम्मी होते. डॉक्टरला येणं शक्यच नसेल तर कोर्ट कमिशनर नेमून त्यांच्याकडे जाऊन साक्ष घेता येते, वकिलाला तसा अर्ज द्यायला सांगा.

घरच्यांची साक्षही तितकीच महत्त्वाची. प्रतिज्ञापत्रात 'पेशंटला विस्मरण होते' एवढं मोघम लिहू नका. काय विसरतो, किती वेळा, रात्री कोण उठतं, आंघोळ कोण घालतं, पैसे दिले तर काय करतो, शेवटची फिट कधी आली. एक साधी वही करा आणि तारीख टाकून रोज दोन ओळी लिहा. उलटतपासणीत हमखास विचारतात, 'आज पेशंट स्वतःच्या पायाने चालत कोर्टात आला ना?' त्याचं उत्तर तयार असू द्या, हो चालत आला, पण रस्ता मी दाखवला.

पायरी ५: गुणाकार

वयावरून मल्टिप्लायर, म्हणजे वार्षिक नुकसानीला किती ने गुणायचं. २००९ च्या सरला वर्मा निकालातलं टेबल सगळीकडे वापरतात. १५ ते २५ वयाला १८, ३० पर्यंत १७, ३५ पर्यंत १६, ४० पर्यंत १५, ४५ पर्यंत १४, ५० पर्यंत १३, ५५ पर्यंत ११, ६० पर्यंत ९, ६५ पर्यंत ७, त्यापुढे ५. वय अपघाताच्या दिवशीचं.

समजा ३२ वर्षांचा इलेक्ट्रिशियन, महिना २०,००० सिद्ध झाले. स्वतःचा धंदा, चाळिशीच्या आत, म्हणून ४० टक्के वाढ, झाले २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. गुणिले १६ म्हणजे ५३,७६,०००. आता कोर्टाने कमाईचं नुकसान ६० टक्के धरलं तर ३२,२५,६०० आणि १०० टक्के धरलं तर पूर्ण ५३,७६,०००. साडेएकवीस लाखांचा फरक, आणि तो फक्त चौथ्या पायरीतल्या रिपोर्ट आणि साक्षींवर. म्हणून म्हटलं खरी लढाई तिथे.

पायरी ६: सांभाळणाऱ्याचा खर्च

हे मागायलाच लोक विसरतात, किंवा संकोच करतात. बायको नोकरी सोडून चोवीस तास नवऱ्याजवळ आहे, आई सत्तरीत पोराला कूस बदलून देतेय, आणि दाव्यात याच्यासाठी एक लाख रुपये ठोक लिहिलेले. का तर 'घरचंच माणूस करतंय, त्याचे कसले पैसे'. अहो ती माऊली उद्या आजारी पडली तर ब्यूरोतून मावशी किंवा वॉर्डबॉय आणावा लागेल ना, आणि तो बारा तासांच्या शिफ्टचे किती घेतो ते फोन करून विचारा एकदा.

२०२० साली सुप्रीम कोर्टाने हरियाणातल्या एका मुलीच्या केसमध्ये हा हिशोब कसा करायचा ते घालून दिलंय. २००७ मध्ये अपघात झाला तेव्हा ती १२ वर्षांची होती, मेंदूच्या इजेने तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली, अपंगत्व १०० टक्के. हायकोर्टाने साधारण पावणेसव्वीस लाख दिले होते. सुप्रीम कोर्टाने ते ६२,२७,००० केले, आणि त्यात सांभाळणाऱ्यांचेच २१,६०,००० आहेत. दोन अटेंडंट, प्रत्येकी बारा तास, दोघांचे मिळून महिना १०,०००, वर्षाचे १,२०,०००, गुणिले १८. म्हणजे ठोक रक्कम द्यायची नाही, इथेही मल्टिप्लायर लावायचा. दर त्या काळचे आहेत, आजचे तुमच्या गावातले दर तुम्ही सिद्ध करायचे, ब्यूरोचं कोटेशन, पावत्या, ऑनलाइन दिलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट, जमलं तर ब्यूरोवाल्याची साक्ष. वरच्या इलेक्ट्रिशियनला महिना १२,००० चा माणूस लागतो असं मानलं तरी १२,००० गुणिले १२ गुणिले १६, २३,०४,००० होतात.

त्या केसमध्ये वेदना आणि जगण्यातलं सुख गेल्याबद्दल १५ लाख दिले. या बाबीखालच्या रकमेला मात्र गणित नाही, जजवर आहे, कुठे दोन लाख कुठे पंधरा, तेव्हा तुमच्या वकिलाने असे निकाल जोडले पाहिजेत.

पुढच्या औषधोपचाराचाही खर्च आत्ताच मागा, कवटीचा काढून ठेवलेला भाग परत बसवायचं ऑपरेशन, शंट (मेंदूतलं साठलेलं पाणी काढायची नळी), फिटच्या गोळ्या, फिजिओ. एकदा अंतिम निकाल लागला की पाच वर्षांनी परत येऊन 'अजून खर्च आला' म्हणता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ सालीच ते सांगितलंय. त्याच निकालात एक दिलासाही आहे, पुरावा असेल तर मागितलेल्या रकमेपेक्षा जास्तही कोर्ट देऊ शकतं.

पायरी ७: कात्री कुठे लागते

तुमच्या माणसाची थोडी चूक निघाली तर तेवढे टक्के एकूण रकमेतून जातात. त्यात हेल्मेटचा मुद्दा डोक्याच्या इजेत येणारच. हेल्मेट नसल्यामुळे टक्कर झाली नाही हे खरं, पण इजा वाढली असं कंपनीवाले म्हणतात, आणि काही कोर्टं थोडी रक्कम कापतात. हेल्मेट होतं आणि फुटलं असेल तर ते फुटकं हेल्मेट पंचनाम्यात आलंय का बघा, घरी आणून फेकून देऊ नका. ड्रायव्हरकडे लायसन नव्हतं असं कारण कंपनीने दिलं तर घाबरू नका, बऱ्याचदा कोर्ट कंपनीला सांगतं आधी जखमीला द्या मग मालकाकडून वसूल करा. गाडीला इन्शुरन्सच नसेल तर मात्र मालकाच्या खिशावर अवलंबून, तिथे निकाल मिळतो पैसे मिळत नाहीत.

हॉस्पिटलच्या चुकीने मेंदूला इजा झाली असेल तर

भूल देताना ऑक्सिजन कमी पडला, चुकीचं इंजेक्शन गेलं, असं असेल तर रस्ता वेगळा, ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. हॉस्पिटलला दिलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग, म्हणजे जवळपास सगळ्यांना जिल्हाच. पण इथे चूक सिद्ध करणं फार कठीण, निकाल वाईट लागला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं होत नाही, त्याच क्षेत्रातल्या साधारण कुशल डॉक्टरने असं केलं नसतं हे दुसऱ्या डॉक्टरच्या मताने दाखवावं लागतं. पूर्ण केस पेपर मागून घ्या, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

रकमेचं म्हणाल तर इथे सरला वर्माचं टेबल बंधनकारक नाही, सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलच्या केसमध्ये ते बाजूला ठेवून कमरेखाली लुळ्या पडलेल्या इंजिनियरला १ कोटी दिले होते. मेंदूची जुनी केस म्हणजे १९९८ चा स्प्रिंग मेडोज निकाल, लहान मुलाला नर्सने चुकीचं इंजेक्शन दिलं, मुलाला साडेबारा लाख आणि आईवडलांना वेगळे पाच लाख. आईवडलांचं दुःख वेगळं मोजलं हे त्यात महत्त्वाचं.

वकील, तडजोड आणि पैसे हातात येताना

हॉस्पिटलच्या आवारात टक्केवारीवर केस घेणारे एजंट फिरतात. निकालाच्या रकमेत वकिलाने हिस्सा ठरवणं आपल्याकडे नियमात बसत नाही, फी ठरवून घ्या आणि लिहून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिला, मुलं आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि तुमचा पेशंट आता दिव्यांगच आहे.

लोकअदालतीत कंपनी तडजोडीचा आकडा देते. तो वाईटच असतो असं नाही, पैसे लवकर येतात आणि अपीलाची कटकट नाही, पण आधी वरचं गणित घरी कागदावर मांडा आणि मगच जा. माझं मत विचाराल तर टेस्ट रिपोर्ट आणि डॉक्टरची साक्ष व्हायच्या आधी तडजोडीला बसू नये, तोपर्यंत कंपनी टक्के खालचेच धरते. दावा टाकल्याच्या तारखेपासून व्याज धरतात, साधारण ६ ते ९ टक्के, त्यामुळे थांबण्यात सगळंच बुडत नाही.

निकाल लागला की पूर्ण रक्कम एकदम हातात येईल असं समजू नका. पेशंटला व्यवहार कळत नसेल तर कोर्ट बराचसा भाग राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीला ठेवायला लावतं आणि महिन्याचं व्याज सांभाळणाऱ्याच्या खात्यात. पेशंटचं स्वतःचं जुनं खातं किंवा फ्लॅट हलवायचा असेल तर एवढ्याने भागत नाही, कोमातल्या पेशंटसाठी घरच्यांना हायकोर्टातून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. एफडी मुदतीआधी मोडायची वेळ आली, ऑपरेशन आहे, बेड घ्यायचाय, तर त्याच न्यायाधिकरणात अर्ज द्यायचा, सोबत डॉक्टरचं एस्टिमेट लावायचं आणि लागेल तेवढीच रक्कम मागायची, कारणाला कागद असेल तर असे अर्ज सहसा अडत नाहीत.